प्रवाळपेटीतील पोषकद्रव्यांचा ताळेबंद

प्रवाळभित्तीचे वैभव पाहणाऱ्याला असे वाटणे स्वाभाविक आहे की, ज्या पाण्यात इतकी विपुल जीवसृष्टी नांदते ते पाणी अन्नद्रव्यांनी समृद्ध असले पाहिजे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. उष्ण कटिबंधातील बहुतेक मोठ्या प्रवाळभित्ती ज्या समुद्रात वाढल्या ते समुद्र पोषकद्रव्यांच्या दृष्टीने दरिद्रीच म्हणावे लागतील. तेथील एक लिटर पाण्यात नायट्रेटचे प्रमाण बहुधा एका मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी असते आणि फॉस्फेट मिलिग्रॅमच्या काही शतांशांइतकेच सापडते. वाळवंटात घनदाट अरण्य उभे राहावे तसा हा प्रकार आहे.

या कोड्याची उकल दोन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट म्हणजे काटकसर. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने शर्करा तयार करून यजमानाला देते आणि यजमानाच्या शरीरातून बाहेर पडणारी नत्रयुक्त व स्फुरदयुक्त द्रव्ये स्वतःसाठी उचलते. एकाचा टाकाऊ भाग दुसऱ्याचे अन्न होतो. दुसरी गोष्ट म्हणजे प्रवाह. प्रत्येक लिटर पाण्यात अन्न थोडे असले, तरी भित्तीवरून अहोरात्र अगणित लिटर पाणी वाहत असते आणि प्रवाळ त्यातील सूक्ष्म जीव टिपून घेतो. पाण्यातील प्रमाण अल्प, पण पुरवठा अखंड, हे प्रवाळभित्तीचे रहस्य होय.

आता हीच सृष्टी बंगळूरसारख्या शहरातील एखाद्या घराच्या बैठकीत, तीनशे लिटरच्या काचेच्या पेटीत उभी करावयाची आहे अशी कल्पना करावी. समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. पाणी नळाचे किंवा कूपनलिकेचे, मीठ पिशवीतले, सूर्य छताला टांगलेल्या दिव्याचा आणि लाटा विजेच्या पंपाच्या. या पेटीत जे येते ते पाळणाऱ्याच्या हाताने येते आणि जे बाहेर जाते तेही त्याच्याच हाताने जाते. यास्तव प्रवाळपेटीचे आरोग्य हा मूलतः हिशेबाचा विषय आहे. आवक किती, जावक किती आणि शिल्लक काय, हे ज्याला कळले त्याची पेटी टिकते.

या हिशेबात निष्काळजीपणा का चालणार नाही, याचे आणखी एक कारण आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला. वाघाला आणि हत्तीला जे संरक्षण आहे तेच त्यांना मिळाले. भारतीय समुद्रातून जिवंत प्रवाळ काढून घरी आणणे तर निषिद्ध आहेच, परंतु सजावटीसाठी मृत प्रवाळाचा दगड उचलून आणणे हेही त्याच कायद्याच्या कक्षेत येते. पेटीतील खडक म्हणून भाजलेल्या मातीचे किंवा कृत्रिम चुनखडीचे दगड वापरता येतात, आणि जो प्राणी विकत घ्यावयाचा त्याच्या उगमाची कागदपत्रे आधी पाहणे आवश्यक असते. अशा रीतीने मिळालेला जीव पोषणाच्या चुकीने मरू देणे हे द्रव्याचे नुकसान आहेच. त्याहून अधिक ते जीवसृष्टीचे नुकसान आहे.

आवक

शेतकऱ्याच्या खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन नावे लिहिलेली असतात. समुद्राच्या पाण्यात पालाश भरपूर असल्याने प्रवाळपेटीत त्याची चिंता करावी लागत नाही. प्रश्न उरतो तो नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा, आणि स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा. ही दोन्ही द्रव्ये मुख्यतः माशांच्या खाद्यातून पेटीत येतात.

तीनशे लिटरच्या पेटीत काही लहान मासे आहेत आणि त्यांना रोज दोन ग्रॅम कोरडे खाद्य दिले जाते असे धरू. अशा खाद्यात साधारण ४५ टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांच्या वजनाचा सुमारे सोळा टक्के भाग नत्राचा असतो. म्हणजे रोज सुमारे ०.१४ ग्रॅम नत्र पेटीत पडते. मासा त्यातील काही भाग आपल्या वाढीसाठी ठेवतो; परंतु पूर्ण वाढलेला मासा बहुतेक सर्व नत्र अमोनियाच्या व विष्ठेच्या रूपाने परत पाण्यात टाकतो. हे सारे नत्र शेवटी नायट्रेट झाले, तर एका दिवसात प्रत्येक लिटरमागे दोन मिलिग्रॅमहून थोडे अधिक नायट्रेट तयार होईल. खाद्यात एक टक्का स्फुरद असेल, तर त्याच दिवशी लिटरमागे सुमारे ०.२ मिलिग्रॅम फॉस्फेटची भर पडेल. नैसर्गिक प्रवाळभित्तीवरील पाण्याशी तुलना केली, तर एका दिवसाच्या खाद्याने पेटीतील पाणी कित्येक पट समृद्ध होऊ शकते. चिमूटभर खाद्याचा हा प्रताप आहे.

अमोनियाचे नायट्रेट होते ते जिवाणूंच्या कृपेने. रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्रादस्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिले की, ही क्रिया दोन टप्प्यांत होते. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. अमोनिया आणि नायट्राइट विषारी आहेत. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य आहे. नव्या पेटीत हे जिवाणू स्थिरावण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोपर्यंत तीत प्राणी न सोडणे हा या छंदाचा पहिला नियम आहे. तथापि, या जिवाणूंनी नत्राचे केवळ रूप बदललेले असते. नत्र पेटीतच राहते. घरातला केर सोफ्याखाली सारला म्हणजे घर स्वच्छ होत नाही, तद्वत हेही समजावे.

जावक

पेटीतून पोषकद्रव्ये बाहेर काढण्याचा सर्वपरिचित मार्ग म्हणजे पाणी बदलणे. दर आठवड्याला एक दशांश पाणी काढून तेवढेच नवे खारे पाणी घालावे, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. हा मार्ग चांगला आहे, पण त्याची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. वरील उदाहरणात आठवड्याची आवक लिटरमागे सुमारे १५ मिलिग्रॅम नायट्रेट इतकी होते. एक दशांश पाणी काढल्याने त्या वेळी असलेल्या नायट्रेटचा एक दशांशच निघतो. म्हणजे एक दशांश भाग जेव्हा १५ मिलिग्रॅमइतका होईल, तेव्हाच आवक आणि जावक समान होतील. आणि ते होण्यासाठी नायट्रेट लिटरमागे १५० मिलिग्रॅमपर्यंत चढावे लागेल. अन्य सर्व मार्ग बंद असतील, तर केवळ पाणी बदलून पेटी सांभाळता येत नाही, ही गोष्ट या साध्या गणिताने स्पष्ट होते.

म्हणून दुसरी दारे उघडावी लागतात. त्यांपैकी पहिले दार स्किमर या उपकरणाचे आहे. त्यात खाऱ्या पाण्यातून हवेचे बारीक बुडबुडे सोडले जातात. विष्ठा व इतर सेंद्रिय द्रव्ये बुडबुड्यांना चिकटून फेसाच्या रूपाने वर येतात आणि एका पेल्यात साठतात. त्यांचे विघटन होण्यापूर्वीच ती बाहेर पडतात, हा या दाराचा मोठा गुण होय. दुसरे दार शैवालाचे. वेगळ्या कप्प्यात दिव्याखाली शैवाल वाढवावयाचे आणि दर आठवड्याला ते कापून टाकावयाचे. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी १९८० च्या सुमारास शैवालाच्या गालिच्यांवर चालणारी प्रवाळपेटी उभारून या तत्त्वाचा पद्धतशीर उपयोग केला होता. तिसरे दार सच्छिद्र दगडांच्या आणि खोल वाळूच्या थराच्या आत असते. तेथे प्राणवायू पोहोचत नाही. त्या अंधाऱ्या जागी राहणारे जिवाणू नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात आणि उरलेले नत्र वायुरूपाने सोडून देतात. ते हवेत निघून जाते. चौथे दार लोहाच्या एका संयुगाच्या दाण्यांचे. त्यांवरून पाणी नेले म्हणजे फॉस्फेट त्यांना चिकटते, आणि दाणे भरले की ते फेकून द्यावयाचे.

एकच दार उघडे राहिले तर

येथे या विषयाचे मर्म आहे. अमेरिकन सागरवैज्ञानिक अल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ साली समुद्रातील प्लवक आणि पाणी यांची तुलना करून दाखविले की, दोहोंमधील नत्र व स्फुरद यांच्या प्रमाणात विलक्षण साम्य आहे. पुढे हे प्रमाण स्फुरदाच्या एका अणूस नत्राचे सोळा अणू असे रूढ झाले. वजनात मोजल्यास ते साधारण सातास एक येते. वर घेतलेल्या खाद्याच्या उदाहरणातही नत्र ०.१४ ग्रॅम आणि स्फुरद ०.०२ ग्रॅम आहे, म्हणजे तेच सातास एक. खाद्य हे शेवटी मासळी, कोळंबी आणि शैवाल यांपासूनच बनते, त्यामुळे यात नवल नाही. अर्थात सगळ्या खाद्यांचे प्रमाण सारखे नसते; परंतु तोल बिघडतो तो बहुधा आवकीच्या बाजूने नव्हे, जावकीच्या बाजूने बिघडतो.

कारण वरील दारांपैकी प्रत्येकातून सर्व द्रव्ये सारखी जात नाहीत. शैवाल कापले तर नत्र व स्फुरद दोन्ही जातात. वाळूतील जिवाणूंच्या वाटेने मात्र केवळ नत्र जाते. स्फुरदाला वायुरूपाने निसटण्याची अशी वाट नाही. ते पेटीतच साचते, चुनखडीच्या दगडांना व वाळूला चिकटते आणि पाण्यातील प्रमाण कमी झाले की पुन्हा सुटू लागते. म्हणून जुन्या पेटीत फॉस्फेट काही केल्या हटत नाही अशी तक्रार ऐकू येते. याउलट लोहाचे दाणे भारंभार घातले तर फॉस्फेट झपाट्याने नाहीसे होते आणि नायट्रेट तसेच राहते.

हा दुसरा प्रकार अधिक घातक आहे. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाचे यॉर्ग वीडेनमान आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दिसून आले की, नत्र मुबलक आणि फॉस्फेट अत्यल्प अशा पाण्यातील प्रवाळ उष्णता व तीव्र प्रकाश यांपुढे लवकर नमते. नत्राच्या बळावर आतील शैवाल वाढत राहते, पण स्फुरदाच्या अभावी त्याच्या पेशींची घडण सदोष होते. मग ते प्रवाळाला सोडून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. पांढरेपणाचे खापर पुष्कळदा दिव्यावर किंवा तापमानावर फुटते. मूळ दोष मात्र एका पोषकद्रव्याच्या उपासमारीत असू शकतो.

अतिरेकाचे परिणामही सुपरिचित आहेत. हवाई बेटांपैकी ओआहू येथील कानिओहे उपसागरात अनेक वर्षे सांडपाणी सोडले जात होते. तेथे हिरव्या शैवालाने प्रवाळाला झाकून टाकले. १९७७-७८ मध्ये सांडपाणी अन्यत्र वळविल्यावर शैवाल ओसरले आणि प्रवाळाने पुन्हा उभारी धरली. घरगुती पेटीतही फॉस्फेट वाढले की काचेवर व दगडांवर शैवालाची पुटे चढतात, आणि प्रवाळाच्या सांगाड्यात चुना साचण्याच्या क्रियेत अडथळा येतो.

परंतु या भीतीपोटी पाणी पूर्ण निष्कांचन करून टाकणे हाही उपाय नव्हे. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आले म्हणजे प्रवाळ फिके पडते, त्याच्या मांसल भागाची जाडी घटते आणि दगडांवर तपकिरी, बुळबुळीत थर पसरतो. हा थर एका प्रकारच्या सूक्ष्म एकपेशीय जीवांचा असतो. प्रतिस्पर्धी शैवाल उपाशी मरत असताना त्यांचे फावते. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. समुद्रात पाण्यातील प्रमाण अल्प असूनही प्रवाळ जगते ते पुरवठा अखंड असल्यामुळे. पेटीत तो पुरवठा नसल्याने पाण्यात थोडी शिल्लक ठेवावी लागते. अनुभवी पाळणारे नायट्रेट लिटरमागे २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम यांच्या दरम्यान राखतात. या आकड्यांपेक्षाही ते स्थिर असणे महत्त्वाचे. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी दोन्ही मोजून वहीत लिहावीत. एका वेळी एकच बदल करावा. चढलेले प्रमाण काही आठवड्यांत हळूहळू उतरवावे. एका रात्रीत केलेली सुधारणा प्रवाळाला बहुधा मानवत नाही.

बंगळूरचे पाणी आणि हवा

आवकीच्या वहीत खाद्याखालोखाल नोंद करावयाची ती पाण्याची. बंगळूरला १९७४ पासून कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून, जवळजवळ पाचशे मीटर उंच उपसून आणले जाते. जेथे ते पोहोचत नाही किंवा पुरत नाही तेथे कूपनलिका आणि टँकर यांवर भिस्त असते, आणि शहरातील भूजलात अनेक ठिकाणी नायट्रेट आढळले आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेटची मर्यादा घातली आहे. माणसाला चालणारे हे पाणी प्रवाळाच्या पेटीला चालत नाही. पेटीतून रोज चार लिटर पाण्याची वाफ होते असे धरू. वाफेबरोबर क्षार जात नाहीत. ती तूट ४० मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या पाण्याने भरून काढली, तर पेटीत दररोज लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेटची भर पडते. म्हणजे मासे न वाढविता खाद्य पावपटीने वाढविल्यासारखे होते. म्हणून आर.ओ. यंत्राने शुद्ध केलेले पाणीच वापरावे लागते.

त्या यंत्रालाही स्वतःचा हिशेब आहे. एक लिटर शुद्ध पाण्यामागे पुष्कळदा दोन-तीन लिटर पाणी वाया जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरला तीव्र पाणीटंचाई भोगावी लागली आणि गाड्या धुण्यासाठी व बागांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी घालण्यात आली. अशा शहरात यंत्रातून निघालेले पाणी साठवून फरशी पुसण्यासाठी किंवा शौचालयासाठी वापरणे हे पेटी पाळणाऱ्याचे कर्तव्यच ठरते.

बंगळूरच्या उंचीचाही विचार करावा लागतो. सुमारे ९२० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा एक दशांशाने कमी असतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या खाऱ्या पाण्यात समुद्रकाठी लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर येथे जेमतेम ६ मिलिग्रॅम. नायट्रेट उतरविण्यासाठी काही जण पेटीत साखर, व्हिनेगर किंवा मद्यार्क यांची अल्प मात्रा घालतात. त्यावर जिवाणू वाढतात, नत्र व स्फुरद उचलतात आणि स्किमरवाटे बाहेर पडतात. पण वाढताना ते प्राणवायूही ओढून घेतात. मात्रा अधिक झाली आणि त्याच रात्री वीज गेली, तर सकाळी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी धापा टाकताना किंवा मेलेले दिसतात. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप हा येथे चैनीचा विषय नाही.

पेटीबाहेर

दर आठवड्याला पेटीतून काढलेले तीस लिटर पाणी मोरीतून गटारात जाते. त्यात सुमारे एक किलो मीठ असते आणि माशांनी सोडलेले नत्र व स्फुरदही असते. पेटीच्या वहीत ती जावक झाली. शहराच्या वहीत ती आवक आहे. एका पेटीचा भार नगण्य असेल, परंतु प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरातून, न्हाणीघरातून आणि धुलाई यंत्रातून हीच द्रव्ये बाहेर पडत असतात.

बंगळूरच्या आग्नेयेस असलेल्या बेळ्ळंदूर तलावात शहराच्या मोठ्या भागाचे सांडपाणी वर्षानुवर्षे उतरत राहिले. नत्र आणि स्फुरद यांच्यावर जलपर्णी फोफावली आणि धुलाईच्या साबणचुऱ्यातील द्रव्यांमुळे सांडव्यावर फेसाचे डोंगर उठले. मे २०१५ मध्ये त्या फेसाने पेट घेतला. फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्ये तलावक्षेत्रात आगी लागल्या. हे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले आणि पुढे तलावातील गाळ उपसण्याचे काम हाती घेण्यात आले. तलाव गोड्या पाण्याचा आहे आणि पेटी खाऱ्या पाण्याची, तरी नियम तोच आहे. नत्राचा काही भाग वायुरूपाने निसटला, स्फुरद गाळात बसले, आणि नवे सांडपाणी थांबले तरी तो गाळ ते परत सोडू शकतो.

जुन्या काळी या तलावांना जावकीचे एक दार होते. उन्हाळ्यात पाणी आटले की शेतकरी तळातला गाळ उकरून आपल्या शेतात नेत. तलावाची खोली राही आणि शेताला खत मिळे. शहर वाढले, शेते गेली, गाळ नेणारे हात गेले. आवक मात्र अनेक पटींनी वाढली. दार बंद झाले आणि शिल्लक साचत राहिली.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मालवणजवळ प्रवाळ आहेत. तेथील पाणी पावसाळ्यात नद्यांच्या गाळाने गढूळ होते, तरी ते प्रवाळ तग धरून आहेत. पाणी काचेसारखे नितळ दिसते म्हणून ते निरोगी आणि गढूळ आहे म्हणून ते दूषित, असा निष्कर्ष घाईने काढता येत नाही, हे त्यांच्यावरून कळते. नायट्रेटने भरलेले पाणीही नितळ दिसू शकते. प्रवाळपेटी पाळणाऱ्याला डोळ्यांवर नव्हे, वहीवर विश्वास ठेवण्याची सवय लागते. आणि ज्याला तीनशे लिटर पाण्यातील आवक-जावक जुळविण्यास किती कष्ट पडतात हे ठाऊक झाले, त्याला आपल्या मोरीचे पाणी पुढे कोठे जाते हा प्रश्नही परका राहत नाही.